यकृताचा कर्करोग आणि तैवानमधील लसीकरण

यकृताच्या कर्करोगाचे कारण दीर्घकाळ संदिग्ध राहिले. १९६० च्या दशकात बारूक ब्लुमबर्ग यांना एका ऑस्ट्रेलियन आदिवासीच्या रक्तात अपरिचित प्रतिजन आढळले; पुढे ते हिपॅटायटिस-बी विषाणूच्या आवरणातील प्रथिन ठरले. तैवानमधील २२,७०७ पुरुषांच्या पाहणीतून आर. पामर बीझली व सहकाऱ्यांनी १९८१ मध्ये दाखविले की, विषाणुवाहकांना या कर्करोगाचा धोका इतरांच्या दोनशेहून अधिक पट असतो. मातेकडून अर्भकास होणारा संसर्ग रोखण्यासाठी तैवानने १९८४ मध्ये लसीकरण आरंभिले. ६ ते १४ वर्षे वयोगटात या रोगाचे वार्षिक प्रमाण १९८१-८६ मधील लाखामागे ०.७० वरून १९९०-९४ मध्ये ०.३६ वर आले. मात्र आधीच बाधित झालेल्यांना ही लस तारू शकत नाही. म्हणूनच जन्मानंतरचे पहिले चोवीस तास निर्णायक ठरतात.