दाढेंतील चांदी

किडलेली दाढ उपटावी कीं भरावी, हा प्रश्न एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत बहुधा रोग्याच्या खिशावरूनच सुटत असे. दाढ भरावयाची तर सोन्याच्या पातळ वर्खानें. वर्खाचा एकेक तुकडा पोकळींत ठासून बसविण्यास वैद्याचें कसब आणि रोग्याचा बराच वेळ खर्ची पडे. मात्र तें काम नीट साधलें म्हणजे वर्षानुवर्षें टिके. ज्याला सोनें परवडत नसे, त्याला बहुधा दाढेवर पाणी सोडावें लागे.

अशा काळीं, १८३३ सालीं, क्रॉकोर बंधु म्हणून ओळखले जाणारे दोघे इंग्लंडांतून न्यूयॉर्कला आले. चांदीच्या नाण्यांचा कीस पाऱ्यांत कालवून केलेला लगदा ते दाढेंत भरीत. काम थोड्या वेळाचें. गिऱ्हाइकांची रीघ लागली. परंतु कीड न काढतांच भरलेली दाढ आंतून सडत राही, आणि मिश्रण घट्ट होतांना फुगून कित्येकदां दांत तडके. बंधूंना लवकरच गाशा गुंडाळावा लागला.

पण पाऱ्याचें मिश्रण गेलें नाहीं. १८४० सालीं स्थापन झालेल्या अमेरिकन दंतशल्यवैद्यांच्या संस्थेनें १८४५ सालीं सभासदांकडून तें न वापरण्याची लेखी प्रतिज्ञा मागितली. हा वाद विषाचा होता, तसाच धंद्याच्या प्रतिष्ठेचाही होता. अनेक सभासद दुरावले. १८५० सालीं प्रतिज्ञा मागें घेतली गेली, तरी १८५६ सालीं संस्था मोडली. मिश्रण टिकाऊ कसें करावें, हें मात्र प्रतिज्ञेनें कोणासच कळलें नाहीं.

तें इलिनॉयचे डॉ. ग्रीन व्हर्डिमन ब्लॅक यांनीं १८९५ च्या सुमारास प्रयोगांनीं दाखविलें. चांदी अधिक झाली तर मिश्रण फुगतें, कथील अधिक झालें तर आकसतें. फुगलें तर दांत धोक्यांत येतो, आकसलें तर कडेच्या फटींतून कीड शिरते. दोन तृतीयांशांहून थोडी अधिक चांदी, सुमारें एक चतुर्थांश कथील व थोडें तांबें, असें प्रमाण त्यांनीं बसविलें. पोकळी कशी कोरावी याचेही नियम त्यांनीं घालून दिले. १९६३ सालीं कॅनडांतील संशोधकांनीं तांब्याचा अंश वाढविला, तेव्हां मिश्रणाची झीज आणखी कमी झाली.

आतां पारा मागें हटत आहे, पण त्याचें मुख्य कारण निराळें आहे. पाऱ्यानें पाणी व माती दूषित होते, म्हणून २०१३ च्या मिनामाता करारानें त्याचा वापर घटविण्याचें ठरविलें. युरोपीय संघानें २०२५ पासून, वैद्यकीय गरजेचे अपवाद सोडून, दांतांत तो भरणें बंद केलें. त्याच्या जागीं दांताच्या रंगाची राळ आली. ती दिसावयास सुरेख. पण दाढेंत ती सरासरीनें चांदीइतकी टिकत नाहीं, आणि बसवितांना दांत अगदीं कोरडा राखावा लागतो.

पदार्थ बदलले, तरी क्रॉकोर बंधूंनीं मोडलेला नियम कायम आहे: आंतली कीड निघाल्यावांचून वरचें भरण टिकाऊ होत नाहीं.