दोन लाव्हांच्या मधला थर

अग्निजन्य, गाळाचे आणि रूपांतरित, असे खडकांचे तीन प्रकार आपण शाळेत शिकतो. नागपूरच्या आसपास हे तिन्ही आढळतात. त्यांतला सीताबर्डीचा काळा पाषाण, म्हणजे बेसॉल्ट, हा अग्निजन्य. तप्त लाव्हा गोठून झालेल्या खडकात जीवाश्म कुठून असणार? पण १८४५ साली नागपुरात आलेले स्कॉटिश मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांना टाकळीजवळ गोड्या पाण्यातल्या गोगलगायींचे शंख आणि फळांचे अवशेष दगडात सापडले.

याचे उत्तर लाव्हाच्या दोन थरांमध्ये आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचे हे उद्रेक सलग नव्हते. मधल्या शांत काळात तळी साचली. मेलेले जीव तळाच्या गाळात पुरले गेले, हवा तुटल्याने कुजणे मंदावले आणि पाण्यातल्या सिलिकाने त्यांची जागा घेतली. मग नव्या लाव्हाने तो गाळ झाकला.

हिस्लॉप आणि त्यांचे सहकारी रॉबर्ट हंटर यांचा यावरील निबंध १८५५ साली लंडनच्या भूवैज्ञानिक संस्थेच्या त्रैमासिकात आला. १८६३ साली हिस्लॉप पुरात बुडून मरण पावले. त्यांच्या नावाचे महाविद्यालय नागपूरकरांना ठाऊक आहे. त्यांनी वाचलेला खडक मात्र फारसा कुणाला ठाऊक नाही. मला याची काळजी वाटते. हे थर बहुधा जेमतेम काही फूट जाडीचे. पाया खणताना एका दिवसात नाहीसे होतील, आणि काय गेले हे कुणाला कळणारही नाही.