चेंडू, शंकू आणि एचआयव्ही
मैदानात शंकू मांडायचे; नसतील तर विटा चालतात. प्रत्येक शंकू म्हणजे एक धोका : निरोधाशिवाय संबंध, दुसऱ्याने वापरलेली सुई, दारूच्या नशेतली चूक. पोरांनी चेंडू पायाने घेऊन मधून निघायचं. धक्का लागला की आधी त्याने, मग संघाने, मग सगळ्यांनीच जोर मारायचे. आजार एकट्यापुरता राहत नाही, हे पोरांना लगेच कळतं. ग्रासरूट सॉकर या संस्थेचा हा खेळ. तिचं काम २००२ ला झिम्बाब्वेत सुरू झालं. मुंबईत मॅजिक बस १९९९ पासून खेळातून पोरांना घडवते. वर्तकनगर असो की मुरबाड, कबड्डीच्या मैदानावरही हे जमेल. घामाने, एका बाटलीतल्या पाण्याने लागण होत नाही, हेही तिथंच सांगावं. घरात विषय निघत नाही. सरकारी आयसीटीसी केंद्रात तपासणी मोफत, नाव गुप्त. हेल्पलाइन १०९७.