मधल्या पायरीची कुळकथा

टायगर मॉथला चाकं आत घ्यायची भानगड नाही, फ्लॅप नाहीत, ब्रेकसुद्धा नाहीत. इंजिन १३० अश्वशक्तीचं. १९४० साली इंग्लंडमध्ये अशा विमानावर हात बसलेल्या वैमानिकाला स्पिटफायर हे लढाऊ विमान द्यायचं, म्हणजे हजारावर अश्वशक्ती एकदम त्याच्या ताब्यात द्यायची. आणि आसन एकच. शिकवणारा बसणार कुठे? पहिलं उड्डाण एकट्यानंच.

त्यातून सुरुवातीच्या स्पिटफायरची चाकं हातपंपानं आत घ्यावी लागत, नि तो पंप उजव्या बाजूला. जमीन सुटली की डावा हात थ्रॉटलवरून काढून स्टिकवर न्यायचा आणि उजव्यानं पंप मारत राहायचं. नवख्याचा डावा हातही त्या ठेक्यात हलायला लागे आणि विमान डॉल्फिनसारखं वरखाली उसळत जाई. खालून बघणाऱ्यांना लगेच कळे, गडी नवा आहे.

यावर तोडगा होता हार्वर्ड हे प्रशिक्षण विमान. दोन आसनं, आत जाणारी चाकं, फ्लॅप, पात्यांचा कोन बदलणारा पंखा. म्हणजे स्पिटफायरमधलं सगळं जंजाळ, पण शिक्षक सोबत. पुढचं विमान शिकवण्याआधी त्यातली नवी कामं शिकवायची, ही कल्पना इथे पक्की झाली.

तिची खरी कसोटी मात्र एअर ट्रान्सपोर्ट ऑक्झिलरीत, म्हणजे एटीएत लागली. कारखान्यातून निघालेली विमानं तळांवर पोचवणारी ही बिगरलष्करी मंडळी. हवाई दलानं वयामुळे किंवा तब्येतीमुळे नाकारलेले वैमानिक इथे होते. एक हात नसलेलाही होता. जानेवारी १९४० पासून पॉलिन गॉवर यांच्या हाताखाली आठ स्त्रिया आल्या, पुढे बऱ्याच वाढल्या. युद्ध संपेपर्यंत या लोकांनी १४७ प्रकारची सुमारे ३ लाख ९ हजार विमानं पोचवली.

१४७ प्रकार एकेक करून कोण शिकवणार? एटीएनं विमानांचे सहा वर्ग केले. हलकी एकइंजिनी पहिल्या वर्गात, स्पिटफायर-हरिकेन दुसऱ्यात, मग दोन इंजिनांचे दोन वर्ग, पाचव्यात चार इंजिनांची बॉम्बफेकी, सहाव्यात पाण्यावर उतरणारी. वर्गातल्या एखाद्या विमानावर तयारी झाली, की त्या वर्गातलं कुठलंही न्यायचं, आधी पाहिलेलं नसलं तरी. काही काळ ती पोचवत राहायचं, मग पुढच्या वर्गासाठी पुन्हा शाळेत. आधाराला खिशात मावणारी, कड्यांत ओवलेली कार्डं. उतरताना वेग किती, फ्लॅप कधी, इंजिनाचे फेरे किती, एवढंच. माझ्या मते विमानविद्येतलं सर्वांत काटकसरीचं लेखन ते. लेटिस कर्टिस या बाई याच जिन्यानं चढत १९४२ साली चार इंजिनांच्या हॅलिफॅक्सपर्यंत पोचल्या.

आजच्या परवान्यांतलं ‘क्लास रेटिंग’ याच विचाराचं आहे. मोठ्या विमानांना मात्र प्रत्येक जातीचं वेगळं ‘टाइप रेटिंग’ लागतं. अमेरिकेत तर परवानाधारकालाही २०० पेक्षा जास्त अश्वशक्तीच्या इंजिनाचं विमान एकट्याच्या जबाबदारीवर उडवण्याआधी लॉगबुकात शिक्षकाची सही घ्यावी लागते. आत जाणारी चाकं, फ्लॅप आणि कोन बदलणारा पंखा एकत्र असतील, तर आणखी एक सही. हार्वर्डचंच गणित, कायद्यात उतरवलेलं.

आपल्या हवाई दलात ही मधली पायरी फार दिवस रिकामी होती. किरण या प्रशिक्षण विमानावर शिकलेला पोरगेला वैमानिक थेट मिग-२१ या लढाऊ विमानावर जायचा. मिगचा दोन आसनी प्रकार होता, गुरूला जागा होती. पण नाशिकजवळच्या ओझरला बांधलं जाणारं हे विमान उतरताना ताशी ३०० किलोमीटरच्या वर, आणि दोहोंच्या मधलं काही हाताशी नाही. प्रगत जेट प्रशिक्षक विमान घ्या, अशी शिफारस अपघातांचा अभ्यास करणाऱ्या ला फाँतेन समितीनं १९८२ मध्येच केली होती. ६६ हॉक विमानांचा करार झाला २००४ साली. फेब्रुवारी २००८ मध्ये बिदरच्या तळावर समारंभ करून त्यांतली पहिली दाखल झाली, तोवर शिफारशीच्या वर्षी जन्मलेली मुलं मिग उडवायच्या वयाची झाली होती.