"आई, एकटीने केलं तर मार्क जातील": ग्रुप प्रोजेक्ट आपल्या मुलांच्या डिग्रीत आला कुठून?



गेल्या महिन्यात एका रविवारी रात्री साडेदहाला लेकीचा फोन आला. ती इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे आणि कॅपस्टोन प्रोजेक्टमध्ये पाच जणांच्या टीमची लीड आहे. अगदी रडवेली झाली होती. एक मुलगा मीटिंगला येत नाही, एकीचं ड्रॉइंग चुकलंय आणि शुक्रवारी रिव्ह्यू. मी काय सांगितलं असेल? "सोड त्यांना, तू एकटीच करून टाक. दुसऱ्यांपायी तुझा ग्रेड कशाला घालवतेस?" खरं सांगा, तुम्हीही हेच सांगितलं असतंत.

ती म्हणाली, "आई, एकटीने केलं तर मार्क जातील. टीम कशी चालवली त्याचेच मार्क आहेत."

मला काही ते पटेना. मी सीए. आमच्या परीक्षेतही 'ग्रुप' असतो, पण तो पेपरांचा, माणसांचा नाही! दोन्ही ग्रुप एकटीने अभ्यास करून काढायचे. शेजारच्या बाकावरच्या मुलीवर माझा निकाल अवलंबून आहे ही कल्पनाच आपल्या पिढीला सहन होत नाही. पण ऑडिटची सवय अशी की तोंडी सांगितलेलं धरायचं नाही, कागद बघायचा. म्हणून हा नियम कुणी आणि कधी केला ते शोधायला बसले.

कागद सापडला. अमेरिकेतल्या इंजिनिअरिंग कोर्सेसना मान्यता देणारी 'एबेट' नावाची संस्था आहे. १९९०च्या दशकात कंपन्यांची एकच तक्रार होती, की पोरं गणितात हुशार आहेत, पण चार माणसांत काम करता येत नाही. बोइंगने तर आपल्याला कसा इंजिनिअर हवा त्याची यादीच काढली होती, आणि तिच्यात संवाद आणि टीमवर्क होतं. १९९६ मध्ये एबेटने नवे निकष मंजूर केले आणि २००१ पासून ते सगळ्यांना लागू झाले. वेगवेगळ्या शाखांच्या टीममध्ये काम करता आलं पाहिजे ही त्यातली एक अट. २०१९ मध्ये निकष पुन्हा बदलले. आता टीमने मिळून नेतृत्व द्यायचं, उद्दिष्टं ठरवायची, कामांचं नियोजन करायचं आणि ती तडीस न्यायची, असं स्पष्टच लिहिलंय. म्हणजे लेकीचं बरोबर होतं. विद्यापीठाला मान्यता टिकवायची तर हे शिकवावंच लागतं.

पण गोष्ट त्याच्याही बरीच मागे जाते.

१९०६ मध्ये सिनसिनाटी विद्यापीठात हर्मन श्नायडर यांनी 'को-ऑप' सुरू केलं: विद्यार्थी आलटून पालटून एक आठवडा वर्गात, एक आठवडा कारखान्यात. वाचताना मला हसू आलं, ही तर आपली आर्टिकलशिप! फरक एवढाच की आर्टिकलशिपच्या तीन वर्षांत मी काम शिकले, माणसं चालवायला नाही शिकले. साहेबांनी दिलेल्या व्हाउचरवर टिक करायची, संपलं. १९१४ मध्ये एमआयटीने इंजिनिअरिंगबरोबर कारभार शिकवणारा स्वतंत्र कोर्स काढला. पुढे त्यातूनच त्यांचं मॅनेजमेंट स्कूल उभं राहिलं. आणि ज्या गँट चार्टने आपली पोरं वैतागतात, त्याचे हेन्री गँट आधी शाळामास्तर होते. पहिल्या महायुद्धात जहाजं आणि दारूगोळा वेळेवर व्हावा म्हणून त्यांचे तक्ते वापरले गेले. गँट १९१९ मध्ये वारले, आणि त्यांच्या तक्त्यावरचं वॉलेस क्लार्क यांचं पुस्तक १९२२ मध्ये निघालं.

त्याच १९२२ साली एक मराठी मुलगा एमआयटीत शिकायला आला होता. शंतनुराव किर्लोस्कर. मेकॅनिकल घेऊन १९२६ मध्ये पदवीधर झाले. आज आपण मुलांच्या अॅडमिशनसाठी किती धावतो, आणि शंभर वर्षांपूर्वी किर्लोस्करवाडीच्या बापाने मुलाला बोटीने बॉस्टनला पाठवलं! तो बाप कोण होता ते बघा. लक्ष्मणराव मुळात चित्रकला शिकायला जे. जे. स्कूलमध्ये गेले होते, पण रंग नीट ओळखता येत नाहीत म्हणून ते सोडावं लागलं. मग मुंबईला व्हीजेटीआयमध्ये मास्तर झाले. बढती डावलली गेली तेव्हा नोकरी सोडली आणि बेळगावला भावाबरोबर सायकलींचं दुकान चालवलं. त्यातून लोखंडी नांगर झाला, जो सुरुवातीला शेतकरी घ्यायलाच तयार नव्हते. १९१० मध्ये औंधच्या राजेसाहेबांनी कुंडलजवळ जागा दिली. सगळा निवडुंगाचा माळ.

आता त्यांची टीम वाचा. नियोजन आणि कारभार बंधू रामूअण्णांकडे. शंभूराव जांभेकर कामावरून काढलेले फायरमन, वाडीत इंजिनिअर झाले. अनंतराव फळणीकरांची शाळा अर्धवट सुटलेली, तेही पुढे कल्पक इंजिनिअर म्हणून नावाजले. मंगेशराव रेगे कारकून, त्यांच्याकडे हिशेब आले (आमच्या जातीचा माणूस म्हणून मला त्यांचा फार अभिमान!). आणि राखणीला कोण? तुकाराम रामोशी आणि पिऱ्या मांग, ज्यांना पंचक्रोशी दरोडेखोर म्हणून घाबरायची. आज कुठल्याही एचआरने यातला एकही बायोडेटा पुढे जाऊ दिला नसता. लक्ष्मणरावांनी मार्कशीट न बघता माणूस बघितला आणि त्याच्यावर काम टाकून दिलं. स्वतः सगळं करत बसले असते तर कदाचित उत्तम सायकल मेकॅनिक झाले असते.

हे सगळ्यांना उपजत जमत नाही, म्हणूनच ते वर्गात आलं. मोठी उडी १९५७-५८ ची. ड्यूपाँट कंपनीने रेमिंग्टन रँडबरोबर 'क्रिटिकल पाथ' काढला, नौदलाने पोलारिस क्षेपणास्त्रासाठी 'पर्ट'. क्रिटिकल पाथ म्हणजे आपला दिवाळीचा फराळ. भाजणी दळून आली नाही तर चकली थांबते, चिवडा थांबत नाही. मग आधी धावपळ कशासाठी करायची? भाजणीसाठी. १९६९ मध्ये या क्षेत्रातली मंडळी अटलांटाला जॉर्जिया टेकमध्ये जमली आणि पीएमआय ही संस्था उभी राहिली. तिची पीएमपी परीक्षा तुमच्यापैकी अनेकांनी दिली असेल. १९९५ मध्ये पर्ड्यूने आणखी एक पाऊल टाकलं: 'एपिक्स' कार्यक्रमात विद्यार्थ्यांच्या टीम गावातल्या सेवाभावी संस्थांसाठी खरोखरची कामं करू लागल्या. ते मला सगळ्यात आवडलं, कारण समोरचा गिऱ्हाईक खरा असतो आणि त्याला तुमच्या ग्रेडशी काही देणंघेणं नसतं.

हे सगळं मला इतकं का लागलं, ते सांगते. अमेरिकेत मी पहिल्यांदा सीनियर झाले तेव्हा हाताखाली दोन ज्युनियर होते. मार्चचा सीझन. त्यांचे वर्कपेपर मी रात्री दोन-दोनपर्यंत बसून पुन्हा करायचे. त्यांना सांगत बसण्यापेक्षा ते लवकर व्हायचं ना! वर्षाच्या शेवटी रिव्ह्यूत आलं: काम उत्कृष्ट, टीम तयार केली नाही. बढती एक वर्ष पुढे गेली. तेव्हा वाटलं, गोऱ्यांचं राजकारण. आज ते दोघे ज्युनियर आठवतात. वर्षभरात माझ्याकडून काहीही न शिकता गेले बिचारे. चूक माझीच होती, आणि बावीस वर्षांच्या मुलीला मी फोनवर तीच चूक करायला सांगत होते.

गंमत म्हणजे आपल्या महाराष्ट्र मंडळात आपण हे दर गणपतीला करतो. पगार नाही, बढती नाही, रुसवेफुगवे भरपूर, तरी दोनशे पानं वेळेवर उठतात. पण मुलांना त्या कामात आपण घेतच नाही. त्यांची एसएटी असते.

तर मंगळवारी मी लेकीला म्हटलं, तुझा गँट चार्ट पाठव बघू. तोवर ती त्या न येणाऱ्या मुलाशी बोलली होती. तो वेअरहाउसमध्ये रात्रपाळी करतो आणि मीटिंग संध्याकाळी सातची! आता ती दुपारी ठेवलीय. चार्ट आला. एकोणीस कामं, आणि त्यातल्या अकरा कामांपुढे हिचं स्वतःचं नाव. आईवर गेलीय.

मी उपदेश केला नाही (अवघड गेलं). एवढंच विचारलं, "यातली चार कुणाला देशील?"

बुधवारी नवा चार्ट आला. तिच्या नावापुढे सात कामं होती.