मत, स्वर आणि उसना कौल : जर्मन हरित पक्षाच्या इतिहासाचे एक वाचन

मराठीत ‘मत’ हा शब्द दुहेरी आहे. एखाद्याचा अभिप्राय म्हणजे मत, आणि मतपेटीत पडते तेही मतच. जर्मन भाषेत मात्र मतदानाच्या संदर्भात योजला जाणारा ‘श्टिमे’ हा शब्द मूलतः आवाज, स्वर या अर्थाचा आहे. मराठी शब्दात नागरिक विचार करतो, जर्मन शब्दात तो बोलतो. भाषांतरात हा भेद सहसा नजरेआड होतो. पण जर्मनीतील हरित पक्षाचा इतिहास वाचताना तो वारंवार आठवतो. या पक्षाचे विज्ञानाशी असलेले नाते आणि त्याच्या मतदारांचे डावपेची मतदान, या दोन्ही ठिकाणी मनातील मत आणि उच्चारलेला स्वर यांत अंतर पडलेले दिसते. हे अंतर दांभिकतेचे लक्षण मानावे काय, हा प्रस्तुत लेखाचा प्रश्न आहे.

या इतिहासाचा एक उगम ऱ्हाइन नदीकाठच्या व्हील या गावी आहे. तेथील नियोजित अणुवीज प्रकल्पाची जागा फेब्रुवारी १९७५ मध्ये शेतकऱ्यांनी, द्राक्षमळे पिकवणाऱ्यांनी आणि जवळच्या फ्रायबुर्गमधील विद्यार्थ्यांनी ताब्यात घेतली. लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी, की त्या जागी केवळ घोषणा झाल्या नाहीत. आंदोलकांनी एक लोकशाळा चालवली आणि तीत व्याख्याने ठेवली. सरकारी तज्ज्ञाला प्रतितज्ज्ञाने उत्तर द्यावे, या गरजेतून १९७७ मध्ये फ्रायबुर्ग येथे ‘एको-इन्स्टिट्यूट’ ही संशोधनसंस्था उभी राहिली. व्हीलचा प्रकल्प अखेर झाला नाही. तेव्हा या चळवळीला सरसकट ‘विज्ञानविरोधी’ म्हणणे पुरेसे ठरत नाही. तिचा रोख राज्यसंस्था आणि उद्योग यांच्या आश्रयाला गेलेल्या विज्ञानावर होता. अर्थात विरोधाचा हा एकच सूर नव्हता. जनुक-तंत्रज्ञानाच्या बाबतीत १९८०च्या दशकातील हरितांची भूमिका पुराव्याच्या तपासणीपेक्षा तत्त्वतः नकाराकडे अधिक झुकलेली होती.

जानेवारी १९८० मध्ये कार्ल्सरूह येथे पक्ष स्थापन झाला. त्याच वर्षीच्या निवडणुकीत त्याला १.५ टक्के मते पडली. १९८३ मध्ये ५.६ टक्के मते मिळवून त्याचे २८ सदस्य संसदेत गेले. १९८६ मध्ये चेर्नोबिलचा अपघात झाला. पुढच्याच वर्षी पूर्व जर्मनीतील लेखिका क्रिस्टा वोल्फ यांची ‘श्टोरफाल’ (अपघात) ही कृती प्रसिद्ध झाली. तिच्यात अणुभट्टीची वार्ता येते त्याच दिवशी निवेदिकेच्या भावाच्या मेंदूवर शस्त्रक्रिया चालू असते. एकच विज्ञान धोका निर्माण करते आणि प्राणही वाचवते. पक्षाच्या जाहीरनाम्याला न पेललेली ही द्विधा कथनरूपाने पेलली, असे म्हणता येईल.

२ डिसेंबर १९९० रोजी एकीकृत जर्मनीची पहिली निवडणूक झाली. ‘सगळे जर्मनीविषयी बोलतात, आम्ही हवामानाविषयी बोलतो’ अशा आशयाची घोषणा हरितांनी दिली. या घोषणेला संहितांची परंपरा आहे. १९६६ मध्ये जर्मन रेल्वेने ‘सगळे हवामानाविषयी बोलतात, आम्ही नाही’ अशी जाहिरात केली होती. १९६८च्या सुमारास समाजवादी विद्यार्थी संघटनेने तेच वाक्य मार्क्स, एंगेल्स आणि लेनिन यांच्या मुद्रांखाली छापले. म्हणजे हवापाण्याच्या गप्पा सोडून क्रांतीविषयी बोला. हरितांनी ते उलटवले. आता हवापाण्याचा विषयच सर्वांत गंभीर ठरला होता, आणि त्यासाठी आधार घ्यावा लागत होता तो वातावरणशास्त्रज्ञांच्या मोजमापांचा.

मतदारांनी या घोषणेला प्रतिसाद दिला नाही. पश्चिम भागात पक्षाला ४.८ टक्के मते मिळाली आणि तो पाच टक्क्यांच्या उंबरठ्यावर अडखळला. त्या निवडणुकीपुरता हा उंबरठा पूर्व व पश्चिम भागांसाठी स्वतंत्र होता. पूर्वेकडील मित्रगटाने तो ओलांडून आठ जागा मिळवल्या. दोन्हींची यादी एकच असती, तर पश्चिमेकडील मतेही वाया गेली नसती. हवामानाचे गणित मांडणाऱ्या पक्षाला निवडणुकीचे गणित साधले नाही.

हे गणित मतदारच अधिक जाणत होते. १९५३ पासून जर्मन मतदाराला दोन मते असतात : पहिले मतदारसंघातील उमेदवाराला, दुसरे पक्षाच्या यादीला. संसदेतील बलाबल मुख्यतः दुसऱ्या मतावर ठरते. त्यामुळे हरितांचा समर्थक पहिले मत जिंकू शकणाऱ्या समाजवादी लोकशाही उमेदवाराला देतो. उलट, मित्रपक्ष उंबरठ्याखाली राहू नये म्हणून मोठ्या पक्षाचा समर्थक आपले दुसरे मत त्याला देतो. अशा मताला जर्मनीत ‘उसने मत’ म्हणतात. १९९८ मध्ये हरितांना पहिली मते ५.० टक्के, तर दुसरी ६.७ टक्के मिळाली. २००२ मध्ये हेच प्रमाण ५.६ आणि ८.६ असे होते. याच काळात ते प्रथमच केंद्रीय सत्तेत होते आणि २००२ मध्ये अणुऊर्जा टप्प्याटप्प्याने थांबवण्याचा कायदा झाला. भारताप्रमाणे एकच मत असणाऱ्या ब्रिटनमध्ये १९८९च्या युरोपीय निवडणुकीत हरितांना सुमारे १५ टक्के मते मिळूनही एकही जागा मिळाली नव्हती. एकाच मतात निष्ठा आणि हिशेब दोन्ही कोंबावे लागतात, तेव्हा बहुधा निष्ठेला माघार घ्यावी लागते.

पक्षानेही पुढे विज्ञानाच्या बाबतीत दोन स्वर लावले. तापमानवाढीच्या प्रश्नावर तो शास्त्रीय सहमतीचा वकील झाला. साहजिकच, इतरत्रही तीच कसोटी का नको, असा प्रश्न आतूनच उठला. २०१९ मध्ये होमिओपॅथीवरून पक्षात वाद झाला. २०२० च्या मूलभूत कार्यक्रमात जनुक-तंत्रज्ञानाविषयीची भाषा सौम्य झाली. अणुऊर्जेबाबत मात्र जुना नकार कायम राहिला आणि १५ एप्रिल २०२३ रोजी शेवटच्या तीन अणुभट्ट्या बंद झाल्या.

या विसंगतीला दांभिकता म्हणणे सोपे आहे. परंतु दोन मतांची विभागणी करणारा मतदार खोटे बोलत नसतो. आपली निष्ठा कोठे व हिशेब कोठे, हे तो मतपत्रिकेवर उघडपणे नोंदवतो. पक्षाचा दोष दोन स्वर असण्यात नसून, त्यांपैकी कोणता पुराव्याचा आणि कोणता मूल्याचा हे त्याने पुष्कळदा स्पष्ट केले नाही, यात आहे. २०२३ च्या निवडणूक-सुधारणेनंतर पहिल्या मताचे वजन आणखी घटले. २०२५ मध्ये आपल्या मतदारसंघात पहिले आलेले २३ उमेदवार, पक्षाच्या दुसऱ्या मतांचे पुरेसे पाठबळ नसल्याने, संसदेबाहेर राहिले. तुलनाकाराने ‘श्टिमे’चे भाषांतर ‘मत’ असे करताना या न ऐकल्या गेलेल्या स्वरांची नोंद ठेवणे आवश्यक आहे.