दारातला ट्रॅक्टर आणि विम्याचा कागद



गटाच्या बैठकीत मिनी ट्रॅक्टरचा विषय निघाला की एक वाक्य हमखास ऐकू येतं: "ट्रॅक्टर आपल्याच रानात चालणार, रात्री आपल्याच शेडात उभा राहणार, मग विम्याचा खर्च कशाला?" प्रश्न रास्त आहे. विम्याचा हप्ता शेवटी दहा जणींच्या बचतीतूनच भरायचा असतो. म्हणून आज आम्ही या प्रश्नाचं उत्तर जुन्या काळापासून शोधणार आहोत. विम्याचा कायदा कुणासाठी झाला आणि त्यात कोण राहून गेलं, हे कळलं की हातातला कागद वाचता येतो.

आपल्या देशात मोटार वाहन कायदा आला 1939 साली, इंग्रजांच्या राजवटीत. त्यातला सक्तीच्या विम्याचा भाग मात्र लागू व्हायला 1946 साल उजाडलं. हा विमा गाडीच्या मालकासाठी नव्हता. गाडीखाली सापडलेल्या परक्या माणसाला भरपाई मिळावी, मालकाकडे पैसे नाहीत म्हणून त्याच्या घरच्यांनी रिकाम्या हाताने परतू नये, एवढाच त्याचा हेतू होता. यालाच आपण थर्ड पार्टी विमा म्हणतो. सक्ती होती ती सार्वजनिक जागी गाडी चालवण्यापुरती. 1988 चा नवा मोटार वाहन कायदा आला, तरी ही चौकट तीच राहिली.

आता सार्वजनिक जागा म्हणजे फक्त डांबरी रस्ता का? हा वाद वर्षानुवर्षं कोर्टात चालला. अपघात एखाद्याच्या खाजगी आवारात झाला की विमा कंपनी म्हणायची, ही सार्वजनिक जागा नाही, आमचा संबंध नाही. 1988 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने यावर स्पष्ट निकाल दिला. जागा खाजगी मालकीची असली, तरी तिथे लोकांना मोकळेपणाने किंवा परवानगीने येता येत असेल, तर विम्याच्या कामी ती सार्वजनिक जागाच धरायची.

हे आपल्याकडे लावून बघा. आपल्या खळ्यावर मजूर येतात, शेजारणी येतात, भुसार व्यापाऱ्याचा टेम्पो येतो, पोरं खेळतात. मग "जागा आमची आहे, आम्हाला विमा लागत नाही" असं छातीठोकपणे म्हणता येत नाही.

ही झाली दुसऱ्याच्या नुकसानीची गोष्ट. आपल्या स्वतःच्या वस्तूचं काय? त्याचा इतिहास वेगळा आहे. मुंबईत कांदिवलीला 1963 मध्ये इंटरनॅशनल ट्रॅक्टर कंपनी सुरू झाली आणि हळूहळू ट्रॅक्टर आपल्या रानात दिसू लागले. पण तेव्हा विमा ही शहरातली चीज होती. 1 जानेवारी 1973 पासून सर्वसाधारण विम्याचं राष्ट्रीयीकरण झालं. शंभराहून जास्त विमा संस्था एकत्र करून चार सरकारी कंपन्या केल्या. त्यानंतर विमा गावाकडे वळला. कर्जावर घेतलेल्या म्हशीच्या कानात बिल्ला आला. विहिरीवरच्या पंपालाही विमा मिळू लागला.

एक गोष्ट मात्र लक्षात घ्या. हा विमा बहुतेक ठिकाणी कर्जाच्या पाठीवर बसून आला. बँकेनं सांगितलं म्हणून काढला, कर्ज फिटलं की सोडून दिला. "विमा बँकेचा असतो" ही समजूत तिथूनच पडली. बँकेचा बोजा असेपर्यंत भरपाईवर पहिला हक्क बँकेचा, हे खरंच आहे. पण बोजा उतरल्यावर वस्तू पूर्ण आपली होते, आणि नुकसानही पूर्ण आपलंच होतं.

शेडात आग लागली, वीज पडली, पुराचं पाणी शिरलं, रात्रीत ट्रॅक्टर चोरीला गेला, तर थर्ड पार्टी विम्यातून एक रुपया मिळत नाही. त्यासाठी पॅकेज पॉलिसी लागते, म्हणजे स्वतःच्या नुकसानीचंही कवच असलेली. हे कवच जागा बघत नाही. गाडी रस्त्यावर असो की आपल्या शेडात, ते लागू असतं. रोटाव्हेटर, पेरणी यंत्र, फवारणी पंप ही अवजारं त्यात आपोआप येतात असं मात्र धरू नका. ती नाव आणि किंमत लिहून वेगळी दाखवावी लागतात. ट्रॉलीचीही नोंद हवी.

ट्रॉली म्हटली की आमच्या पोटात गोळा येतो. कारण ट्रॉलीत कोण बसतं? खुरपणीला, कांदा काढायला निघालेल्या आपणच. ट्रॅक्टरवर कायद्यानं एकच जागा आहे, चालकाची. 2007 मध्ये सर्वोच्च न्यायालयासमोर अशाच एका मजुराचं प्रकरण आलं. ट्रॅक्टरचा विमा शेतीकामापुरता होता आणि वाहतूक चालली होती वीटभट्टीच्या मातीची. न्यायालयानं म्हटलं, विमा कंपनी जबाबदार नाही. तरी जखमी मजुराची अवस्था पाहून कंपनीनं आधी पैसे द्यावेत आणि मग मालकाकडून वसूल करावेत, असा आदेश दिला. मैत्रिणींनो, हा मालक म्हणजे उद्या आपला गट असू शकतो.

मजुराच्या भरपाईचा कायदा तर याहून जुना, 1923 चा. ट्रॅक्टर किंवा यांत्रिक शक्तीवर चालणाऱ्या साधनांनी शेती करण्यासाठी कामावर ठेवलेला माणूस त्याच्या यादीत होता. पुढे मळणी यंत्रात हात जाण्याचे प्रकार इतके वाढले, की 1983 मध्ये धोकादायक यंत्रांसाठी वेगळा कायदा करावा लागला. मळणी यंत्रावर काम करणाऱ्या मजुराची सुरक्षा आणि भरपाई हा त्याचा विषय. कायदे आहेत, पण मळणी यंत्राला नंबर प्लेट नसते आणि रस्त्यावर कुणी त्याचे कागद तपासत नाही. त्यामुळे त्याचा विमा कुणाच्या ध्यानातच येत नाही.

आता आपल्या काळाकडे येऊ. अनुसूचित जाती व नवबौद्ध बचत गटांसाठी राज्य सरकारची मिनी ट्रॅक्टरची योजना 2012 पासून आहे. 9 ते 18 अश्वशक्तीचा ट्रॅक्टर आणि उपसाधनं, खर्चाची मर्यादा साडेतीन लाख, त्यात 90 टक्के अनुदान. ज्यांच्या आईआजीनं आयुष्यभर दुसऱ्याच्या बांधावर काम केलं, त्यांच्या गटाच्या नावावर ट्रॅक्टर आला. ही लहान गोष्ट नाही.

पण इथेही कागद जुन्याच चौकटीतला आहे. गाडीचा मालक स्वतः चालवत असेल, तर त्याच्यासाठी 15 लाखांचं अपघात कवच असतं. ते मिळतं नोंदणीकृत मालक असलेल्या व्यक्तीला, तेही तिच्याकडे परवाना असेल तर. मालक गट असेल, तर "मालक-चालक" कुणीच नाही. आपल्यातली एखादी परवाना काढून धिटाईनं ट्रॅक्टर चालवायला बसली, तरी हे कवच तिला आपोआप मिळत नाही. ते दुसऱ्या मार्गानं, तिच्या नावानं वेगळं घ्यावं लागतं.

म्हणून पुढच्या बैठकीत पॉलिसी पेटीतून बाहेर काढा आणि शिकलेल्या मुलीकडून मोठ्यानं वाचून घ्या. विमा फक्त थर्ड पार्टी आहे की पॅकेज? ट्रॉली आणि अवजारं लिहिली आहेत का? वापर फक्त शेतीचा लिहिलाय, आणि आपण भाड्यानं वाळू-विटा वाहतोय असं तर नाही ना? चालवणारीचं आणि रोजंदारीवरच्या बायकांचं कवच कुठे आहे? मुदत कधी संपते? उत्तरं इतिवृत्तात लिहा, आणि ज्याचं उत्तर सापडणार नाही ते विमा कार्यालयात लेखी विचारा.

कायदा रस्त्याकडे बघून लिहिला गेला. आपलं काम चालतं बांधावर, खळ्यावर, शेडात. तिथली माणसं आणि अवजारं त्या कागदावर आणायची, तर सांगावं आपल्यालाच लागेल.